औषधाची मात्रा आणि यकृताची कुवत

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात पेनिसिलीनचा गुण हेरला आणि पुढील पाव शतकात स्ट्रेप्टोमायसीन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लीन अशी प्रतिजैविकांची मालिकाच माणसाच्या हाती आली. न्युमोनिया, विषमज्वर, क्षय या ज्या रोगांच्या नुसत्या नावाने घरादारावर अवकळा पसरे, ते रोग आटोक्यात आले. या उपकाराचे मोल कोणी कमी लेखू नये. परंतु अतिपरिचयाने अवज्ञा होते, तसे या औषधांचेही झाले आहे. घसा बसला, जुलाब लागले, अंगात कणकण आली की औषधाच्या दुकानातून चार गोळ्या आणायच्या आणि पाण्याच्या घोटाबरोबर पोटात ढकलायच्या, हा आता घरोघरचा रिवाज होऊन बसला आहे. गोळी जंतूंना मारते एवढे सर्वांना ठाऊक असते. जंतूंना मारून झाल्यावर त्या गोळीचे काय होते, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो यावा, आणि विशेषतः ज्यांचे यकृत दुखावलेले आहे त्यांच्या मनात यावा, म्हणून आजचे हे विवेचन.

पोटात गेलेले औषध आपोआप नाहीसे होत नाही. शरीराला त्याची विल्हेवाट लावावी लागते. हे काम मुख्यतः दोन अवयव करतात, मूत्रपिंडे आणि यकृत. प्रौढ माणसाचे यकृत साधारण दीड किलो वजनाचे असते आणि त्यातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येते. म्हणजे आपण जे काही गिळतो, मग ते अन्न असो, औषध असो की मद्य, त्याला सर्व शरीरात पसरण्यापूर्वी यकृताच्या दारावरून जावे लागते. पूर्वी घाटाच्या पायथ्याशी जकात नाके असत. प्रत्येक गाडी तेथे थांबे, मालाची झडती होई आणि मगच ती पुढे सुटे. यकृत हे शरीराचे असेच नाके आहे.

या नाक्यावरचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात यकृतातील विकरे औषधाच्या रेणूची मोडतोड करतात. दुसऱ्या टप्प्यात त्या रेणूला दुसरा एखादा पदार्थ जोडून तो पाण्यात विरघळेल असा केला जातो. मग तो मूत्रावाटे किंवा पित्तावाटे शरीराबाहेर पडतो. मेट्रोनिडाझोल, क्लिंडामायसीन, क्लोरॅम्फेनिकॉल, रिफाम्पिसिन, एरिथ्रोमायसीन ही औषधे प्रामुख्याने यकृताच्या हवाली असतात. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन, जेन्टामायसीन यांचा निचरा मूत्रपिंडे करतात. सेफ्ट्रिअॅक्सोनसारखी काही औषधे दोन्ही वाटा वापरतात, एक वाट अडली तर दुसरीने जातात. औषध नेमके कोणत्या वाटेने जाणार आहे, हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

आता हे यकृतच आजारी पडले तर काय होते? अनेक वर्षांच्या मद्यपानाने, ब किंवा क जातीच्या विषाणुजन्य काविळीने, अथवा मद्याचा थेंबही न घेणाऱ्या माणसात स्थूलता व मधुमेह यांमुळे साचलेल्या मेदाने यकृत हळूहळू निबर होत जाते. डॉक्टर याला 'सिऱ्होसिस' म्हणतात, आपण यकृतकाठिण्य म्हणू. अशा यकृतात औषधांच्या बाबतीत एक नव्हे, चार बिघाड होतात. पहिला हा की, विकरांचे बळ घटते. त्यातही पहिल्या टप्प्याचे काम आधी ढासळते, दुसऱ्या टप्प्याचे बराच काळ तग धरून राहते. दुसरा बिघाड रक्ताच्या वाटेचा. निबर यकृतातून रक्ताला सरळ जाता येत नाही, म्हणून ते आडवाटा शोधते आणि औषध नाके चुकवून थेट रक्ताभिसरणात शिरते. तिसरा बिघाड अल्ब्युमिनचा. हे प्रथिन यकृतच तयार करते आणि रक्तातील कित्येक औषधे त्याला चिकटून राहतात. अल्ब्युमिन घटले म्हणजे मोकळ्या औषधाचा अंश वाढतो, आणि गुण काय किंवा अपाय काय, हा मोकळा अंशच करीत असतो. चौथा बिघाड जलोदराचा. पोटात लिटरगणती पाणी साठले की पाण्यात विरघळणारी औषधे त्या पाण्यात पसरतात आणि जंतू असतील तेथे त्यांची मात्रा उणी पडण्याचा संभव असतो.

येथे एक गोष्ट सूज्ञ वाचकांच्या ध्यानात आली असेल. हे चार बिघाड एकाच दिशेने ओढत नाहीत. काहींमुळे औषध शरीरात तुंबते, तर काहींमुळे ते अपुरे पडते. म्हणूनच 'यकृत खराब आहे, मात्रा निम्मी करा' असा सरसकट नियम सांगता येत नाही. मेट्रोनिडाझोलची मात्रा अतिशय बिघडलेल्या यकृतात निम्म्यावर आणावी लागते. नाहीतर ते साचत जाऊन मज्जासंस्थेला त्रास देते, रुग्ण भ्रमिष्टासारखा वागू लागतो आणि हा भ्रम औषधाचा की यकृताच्या आजाराचा, हे उमगेनासे होते. उलट मूत्रपिंडाच्या वाटेने जाणाऱ्या अमॉक्सिसिलीनची मात्रा केवळ यकृताच्या नावाखाली कमी केली, तर जंतू मरत नाहीत आणि रुग्ण मात्र मरणाच्या दारी जातो.

मग मूत्रपिंडाची वाट तरी निर्धोक आहे काय? तेही नाही. यकृतकाठिण्याच्या रुग्णाची मूत्रपिंडे फार नाजूक अवस्थेत असतात. जेन्टामायसीन, अमिकासिन या वर्गातील औषधे त्यांना सहज घायाळ करतात. म्हणून अशा रुग्णांत ती शक्यतो टाळावी असा दंडक आहे. शिवाय मूत्रपिंडांची कुवत आपण ज्या क्रिएटिनिनवरून जोखतो, त्याचा मूळ पदार्थ यकृतात तयार होतो आणि स्नायूंत साठतो. यकृत थकलेले आणि स्नायू झडलेले असले म्हणजे क्रिएटिनिनचा आकडा दिसायला निर्दोष, पण मूत्रपिंडे मात्र निम्म्याने निकामी, असे घडू शकते. कागदावरचा आकडा असा फसवा निघतो.

यकृताच्या बाबतीत तर भरवशाचा असा एक आकडाच उपलब्ध नाही, ही या विषयातील खरी अडचण आहे. लोक एसजीपीटीचा अहवाल हाती घेऊन 'यकृत उत्तम आहे' असा निर्वाळा देतात. परंतु तो आकडा यकृताच्या पेशींची आज किती पडझड होत आहे हे सांगतो. यकृतात काम करण्याचे किती बळ उरले आहे हे सांगत नाही. जळून खाक झालेल्या घरातून धूर येत नाही, म्हणून घर शाबूत आहे असे कोणी म्हणेल काय? जुन्या यकृतकाठिण्यात एसजीपीटी पुष्कळदा सर्वसाधारण असतो. मग डॉक्टर बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, जलोदर आणि मेंदूवरील परिणाम या पाच गोष्टींना गुण देऊन रुग्णांचे तीन वर्ग करतात. चाइल्ड आणि टरकॉट यांनी १९६४ साली ही पद्धत सुचविली आणि पग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली ती सुधारली. पण ती मुळात शस्त्रक्रियेला रुग्ण कितपत टिकेल हे ठरविण्यासाठी होती, औषधाची मात्रा मोजण्यासाठी नव्हे. दुसरे साधन नाही म्हणून तीच येथेही वापरली जाते. सारांश, येथे आकड्यांपेक्षा अनुभवी डॉक्टरची नजर आणि रुग्णाने सांगितलेली खरी हकिगत यांवरच भिस्त ठेवावी लागते.

यकृताची कुवत न पाहता औषध दिल्याने काय अनर्थ होतो, याचा धडा वैद्यकाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. क्लोरॅम्फेनिकॉलने विषमज्वराच्या लक्षावधी रुग्णांना जीवदान दिले. तेच औषध नवजात अर्भकांना, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बालकांना, जंतुसंसर्ग होऊ नये या सद्हेतूने दिले जाऊ लागले. ती बालके दूध पिईनाशी झाली, त्यांची पोटे फुगली, अंग राखाडी पडले आणि त्यांतली कित्येक दगावली. १९५९ साली या प्रकारावर प्रकाश पडला. अर्भकाच्या यकृतात हे औषध बांधून बाहेर टाकणारे विकर पुरेसे तयार झालेले नसते, मूत्रपिंडेही अपरिपक्व असतात. औषध दिवसेंदिवस साचत गेले आणि औषधच विष ठरले. त्या बालकांचे यकृत रोगट नव्हते, केवळ अप्रौढ होते. ज्याचे यकृत रोगाने पोखरले आहे, त्याच्या बाबतीत किती दक्षता हवी, याचा अंदाज यावरून यावा.

आपल्या देशात या प्रश्नाचे सर्वांत उग्र रूप दिसते ते क्षयरोगाच्या उपचारात. क्षयाच्या नेहमीच्या सहा महिन्यांच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधे असतात : आयसोनिआझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. यांपैकी पहिली तिन्ही यकृताला अपाय करू शकतात. इथॅम्ब्युटॉल तेवढे त्या दृष्टीने निरुपद्रवी. म्हणजे ज्या नाक्यावर आधीच माणसे अपुरी, तेथे एकाच वेळी तीन दांडग्या गाड्या येऊन उभ्या राहतात, आणि त्यांतली प्रत्येक नाकेच मोडण्याची शक्यता असते. भारतात औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या गंभीर विकारांत क्षयाची औषधे अग्रस्थानी आहेत. आयसोनिआझिडची वासलात लावण्याचा वेग आनुवंशिकतेने ठरतो. काहींचे यकृत हे काम झपाट्याने करते, काहींचे संथपणे; आणि संथ वेगाच्या माणसांना, ज्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे, अपायाचा धोका अधिक असतो. त्यात नित्याच्या मद्यपानाची भर पडली की आगीत तेल ओतल्यासारखे होते.

आणि येथेच आपल्या किनारपट्टीचा संबंध येतो. गोव्यात मद्य शेजारच्या राज्यांहून स्वस्त आणि सुलभ आहे. काजूच्या हंगामात हुर्राक, एरवी फेणी, आणि बाटलीबंद दारूला तर काळवेळ नाही. खाणी, ट्रॉलर, बांधकामे येथे राबणारी माणसे सायंकाळी थकवा घालविण्यासाठी पेला जवळ करतात, आणि अपुरा आहार व दाटीवाटीच्या खोल्या यांमुळे क्षय नेमका अशांनाच गाठतो. मद्याने दुबळे झालेले यकृत आणि क्षयाचे जंतू एकाच देहात नांदू लागतात. असा रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा खोकला सांगतो, ताप सांगतो, पण पिण्याची गोष्ट गिळून टाकतो. सोबत पत्नी असते, थोरला भाऊ असतो, कधी गावचा मनुष्यही असतो. लाजेने त्याची जीभ रेटत नाही. 'कधीमधी घेतो' या दोन शब्दांत वीस वर्षांची हकिगत दडपली जाते. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. डॉक्टरपासून लपविलेली गोष्ट यकृतापासून लपत नाही.

क्षयाचे औषध चालू असता अन्नावरची वासना उडणे, मळमळ, वांती, उजव्या बरगडीखाली दुखणे, डोळे पिवळे होणे ही धोक्याची चिन्हे होत. एक बारकावा येथे सांगणे अगत्याचे आहे. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते. ते औषधाचे स्वाभाविक लक्षण असून त्याने घाबरण्याचे कारण नाही. मात्र 'लघवीचा रंग औषधानेच बदलला आहे' या समजुतीत काविळीच्या गडद लघवीकडे दुर्लक्ष होते. म्हणून रंगावर न विसंबता भूक आणि डोळ्यांचा पांढरा भाग यांकडे रोज लक्ष द्यावे. चिन्हे दिसताच ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. यकृताचे विकर त्रास असताना तिपटीहून किंवा त्रास नसतानाही पाचपटीहून वाढले, तर ही औषधे थांबवितात आणि यकृत सावरल्यावर एकेक करून पुन्हा सुरू करतात. ज्यांचे यकृत आधीच फार बिघडलेले आहे, त्यांच्यासाठी पायराझिनामाइड वगळून, प्रसंगी तिन्ही औषधे बाजूला ठेवून, दुसरी जुळणी करावी लागते. तीन-चार औषधे एकाच गोळीत असली की त्यांतले एकच काढता येत नाही. अशा रुग्णाला सुटी औषधे मिळण्याची सोय असावी लागते.

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की, यकृत बिघडलेल्याने प्रतिजैविकांच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. हा निष्कर्ष पहिल्या चुकीइतकाच घातक आहे. आपल्याकडे डोळे पिवळे दिसले की 'काविळीला इंग्रजी औषध चालत नाही' असे म्हणून रुग्णाला झाडपाल्याचे औषध आणि उसाचा रस यांवर ठेवण्याची चाल आहे. पण प्रत्येक कावीळ विषाणूची नसते. पावसाळ्यात भातशेतीच्या चिखलात उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस सिंधुदुर्ग-गोव्याच्या लोकांना परका नाही. अॅडॉल्फ वाइल यांनी १८८६ साली वर्णन केलेले त्याचे उग्र रूप म्हणजे ताप, कावीळ आणि मूत्रपिंडांचा बिघाड. त्यात डोळे हळदीसारखे पिवळे होतात आणि तरीही पेनिसिलीन, सेफ्ट्रिअॅक्सोन वा डॉक्सिसायक्लीन यांपैकी योग्य ते औषध वेळेवर देणे हाच तरणोपाय असतो. तेथे काविळीच्या भीतीने औषध रोखणे म्हणजे रुग्णाला हाताने लोटून देणे होय.

यकृतकाठिण्याच्या रुग्णाचेही तसेच. त्याची प्रतिकारशक्ती खालावलेली असते. जलोदराच्या पाण्यात जंतू शिरले, तर तो काही दिवसांचा सोबती ठरतो. सेफोटॅक्सिमसारखे औषध तातडीने मिळाले तर वाचतो. त्याच्या जोडीला शिरेतून अल्ब्युमिन दिले तर मूत्रपिंडे निकामी होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण घटते, हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील संशोधनाने दाखवून दिले. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी झाली, तर त्या वेळीही काही दिवस प्रतिजैविक दिल्याने प्राण वाचतात. इतकेच काय, यकृतामुळे मेंदूवर येणारी गुंगी टाळण्यासाठी रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक दिले जाते. ते आतड्यांतून रक्तात जवळजवळ शिरतच नाही, म्हणून यकृतावर त्याचा फारसा भार पडत नाही. तात्पर्य, यकृताच्या रुग्णाला प्रतिजैविक वर्ज्य नाही. वर्ज्य आहे ती बेफिकिरी.

ही बेफिकिरी दूर करण्याचे काम कोणा एकट्याचे नाही. रुग्णाने आपल्या पूर्वीच्या काविळी, पिण्याची सवय, चालू असलेली सर्व औषधे, त्यांत गावठी झाडपाला आणि आयुर्वेदिक काढेही आले, डॉक्टरांना विनासंकोच सांगितली पाहिजेत. रिफाम्पिसिन यकृताची विकरे चेतवून संततिनियमनाच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा प्रभाव कमी करते. क्लॅरिथ्रोमायसीन याच्या उलट विकरांना रोखून इतर काही औषधे शरीरात तुंबविते. तेव्हा यादी पूर्ण हवी. डॉक्टरांनी दोन मिनिटे अधिक खर्च करून, नातलगांना बाहेर बसवून, दोषारोपाचा सूर न लावता पिण्याविषयी विचारले पाहिजे. क्षयाची औषधे सुरू करण्यापूर्वी यकृताची तपासणी आणि जोखमीच्या रुग्णांत ती पुन्हा पुन्हा, हा नियम कागदावर न राहता प्रत्येक आरोग्य केंद्रात पाळला गेला पाहिजे.

औषधविक्रेत्यांची जबाबदारीही लहान नाही. केंद्र सरकारने २०१३ साली औषध नियमावलीत 'एच-१' ही नवी अनुसूची घातली आणि मार्च २०१४ पासून ती अमलात आली. क्षयाची औषधे व अनेक प्रभावी प्रतिजैविके तिच्यात येतात. ती चिठ्ठीविना विकू नयेत, रुग्णाचे व डॉक्टरचे नाव स्वतंत्र वहीत नोंदवावे आणि ती वही ३ वर्षे जपावी, असा कायदा आहे. पण गल्ल्यापाशी उभ्या राहणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला 'मागच्या वेळचीच गोळी' काढून देणारे हात अजून थांबलेले नाहीत. मागच्या वेळी त्या माणसाचे यकृत जसे होते तसेच ते आज असेल, याची हमी विक्रेता कशाच्या बळावर देतो? आणि कायद्याची अंमलबजावणी करणारे खाते याकडे किती दिवस डोळेझाक करणार?

यकृत हा मुका अवयव आहे. तो हृदयासारखा धडधडत नाही, दातासारखा ठणकत नाही. तीन हिस्से खचेपर्यंत उरलेल्या एका हिश्शावर निमूटपणे संसार रेटतो. त्याच्या या सोशिकपणामुळेच तो आपल्या हिशेबातून सुटतो. त्याच्या वतीने बोलू शकणारा माणूस एकच, तो म्हणजे स्वतः रुग्ण. आणि त्याचे ऐकून घेऊ शकणारा दुसरा, तो म्हणजे डॉक्टर. या दोघांत लाज, घाई किंवा गल्ल्यावरचा व्यवहार आड येऊ नये, एवढीच आमची अपेक्षा आहे. औषधाची मात्रा चिठ्ठीवर लिहिली जाते खरी. ती सोसायची किती, हे अखेर यकृतच ठरविते.